प्रवासाचा हिशेब सांगावा काय?



आपल्या समाजातला माणूस आता प्रवास करू लागला आहे. पोटामागे धावणारा प्रवास नव्हे. तो आपल्या आजा-पणजांनी जन्मभर केला. मी म्हणतो आहे तो पाहण्यासाठी, सुखासाठी, खिशातले पैसे मोजून केलेला प्रवास. कोणी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी ही यात्रा वातानुकूलित डब्यातून करतो. कोणी श्रीलंका, थायलंडला विमानाने जातो. कोणी दुबई-सिंगापूरच्या उंची हॉटेलात चार रात्री काढून येतो.

परत आलेला माणूस आपल्याला सर्व काही सांगतो. खिडकीतून समुद्र कसा दिसत होता, न्याहारीला किती पदार्थ मांडले होते, हे सांगतो. फोनमधली शंभर छायाचित्रे दाखवितो. आपण ऐकतो, पाहतो, आपल्यालाही बरे वाटते. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही : या साऱ्याला खर्च किती आला? कोणी विचारलेच तर हसून म्हणतो, "फार नाही."

ज्याचा पैसा त्याने खर्च केला, मग आकडा सांगायचा की झाकायचा हा त्याचा खाजगी मामला, असे आपणापैकी बहुतेकांना वाटेल. माझ्या मते हा शीलाचा प्रश्न आहे, आणि तो आपण नीट तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम या "फार नाही" शब्दांचाच विचार करू. आमच्या शाळेत एक सहकारी परदेशची सहल करून आले. शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले, फोटो पाहून झाले. चहा घेऊन आलेल्या शिपायाने मोठ्या कौतुकाने विचारले, "सर, किती पैसे लागले ओ?" उत्तर आले, "फार नाही." शिपाई मान डोलावून निघून गेला. आता विचार करा, तो काय घेऊन गेला? फार नाही म्हणजे कोणाला फार नाही? पूर्ण पगाराच्या शिक्षकाला, की त्याला? त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराइतके, की दोन वर्षांच्या? आकडा ऐकला असता तर त्याला काहीतरी कळले असते. "फार नाही" ऐकून त्याला एवढेच कळले की जे यांना फार नाही ते आपल्याला विचारण्याचीही सोय नाही.

किंमत झाकल्याने ऐकणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर तो म्हणतो, "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे," आणि मान खाली घालतो. ज्या न्यूनगंडातून बाहेर पडण्यासाठी एवढी मोठी चळवळ झाली, त्याच न्यूनगंडाकडे आपणच त्याला परत ढकलतो. नाही तर तो म्हणतो, "यांना जमते तर आपल्याला का नाही?" आणि कर्ज काढतो. हा दुसरा माणूस मला अधिक अस्वस्थ करतो.

समजा, एका तरुण कारकुनाने सहलीसाठी दोन लाख रुपये कर्ज घेतले. व्याज दरसाल १४ टक्के, मुदत तीन वर्षे. त्याला दरमहा सुमारे ६,८३५ रुपये हप्ता बसेल. तीन वर्षांत तो सुमारे २ लाख ४६ हजार रुपये भरील. सहल सहा दिवसांची आणि हप्ते छत्तीस! त्या छत्तीस महिन्यांत धाकट्या बहिणीची महाविद्यालयाची फी येते, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन येते. जाहिरातीत 'बिनव्याजी हप्ता' असे लिहिलेले असते. पण शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट बजावले होते. व्याज कोठे ना कोठे लपविलेले असते. जाहिरात करणारा लपवितो हे समजू शकते, त्याचा तो धंदा आहे. पण आपला भाऊ, आपला शेजारी जेव्हा हिशेब लपवितो, तेव्हा तोही नकळत त्याच जाहिरातीचे काम करीत असतो, आणि तेही फुकट.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. किंमत हे ज्ञान आहे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्रवास चालत आला आहे, त्यांच्या मुलांना हे ज्ञान घरातच मिळते. कोणत्या महिन्यात भाडे उतरते, जाहिरातीत 'अमुक रुपयांपासून' लिहिले असेल तर त्यातला 'पासून' किती महागात पडतो, माणशी दर हा एका खोलीत दोघे राहतील असे धरून लावलेला असतो आणि एकट्याला जास्त मोजावे लागते, व्हिसा, विमा, कर, बक्षिसी यांतले काय धरले आहे नि काय वगळले आहे, हे सर्व त्यांना बापाकडून, मामाकडून आपोआप कळते. आपल्याकडे असा बाप नाही, असा मामा नाही. आपला बाप एस.टी.च्या फलाटावर रात्र काढून पहाटेची गाडी पकडणारा. मग आपल्याला हे ज्ञान कोण देणार? जो आपल्यातून पहिल्यांदा गेला आणि परत आला, तोच. त्यानेही ओठ मिटले तर आपण बाहेरच राहिलो. ज्ञान काही घरांतच कोंडून ठेवल्याने काय झाले हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? तेव्हा ते आपल्याच माणसांपासून कोंडून ठेवण्याचे पातक आपण तरी करू नये.

या बाबतीत आपल्यापुढे आदर्श आहे, आणि तो दूरचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत जे प्रसंग लिहिले, त्यांतील महत्त्वाचे प्रसंग प्रवासाचेच आहेत. १९०१ साली नवे कपडे घालून ही मुले मोठ्या हौसेने आगगाडीत बसली, वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. शिवाय बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. पुढे परदेशात शिकून आल्यावर बडोद्याला पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. तेथे दिवसाला दीड रुपया द्यावा लागे, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. १९३४ साली सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. तीही एक सहलच होती. दौलताबादच्या किल्ल्याजवळ तलावातल्या पाण्याने तोंड-हातपाय धुतले म्हणून त्या मंडळींना अडविण्यात आले.

बाबासाहेबांनी यातले काय झाकले? दुप्पट भाडे लिहिले, दीड रुपया लिहिला आणि अपमानही लिहिला. प्रवासाला काय मोल पडले ते पूर्णपणे सांगितले. "आमचा प्रवास उत्तम झाला" एवढेच त्यांनी लिहिले असते, तर आपल्याला काय कळले असते? जगाला तरी काय कळले असते?

किंमत सांगणे हलकेपणाचे, असे जे आपल्याला शिकविले गेले आहे तेही तपासून पाहा. भारहूतच्या स्तूपावरील एक शिल्प आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेतले तो प्रसंग त्यात कोरला आहे. बैलगाडीतून नाणी उतरविली जात आहेत, माणसे ती जमिनीवर मांडीत आहेत; आणि जमीन नाण्यांनी झाकून हे वन विकत घेतले असे खाली लिहिलेही आहे. आपल्या नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात तेथे, दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, १,००० दुसरीकडे. पहिल्यावर महिना शेकडा एक आणि दुसऱ्यावर पाऊण असे व्याजाचे दरसुद्धा दगडात कोरले आहेत. जवळपास दोन हजार वर्षे तो हिशेब येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो आहे. त्या लोकांना रक्कम सांगण्याची लाज वाटली नाही.

आता कोणी म्हणेल, मग ऐषआरामाचा प्रवास करणेच चूक, असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? तसे मुळीच नाही. भगवान बुद्धांनी गृहस्थाला सुख निषिद्ध केले नाही. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : संपत्ती असण्याचे सुख, तिचा उपभोग घेण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. उपभोगाचे सुख त्यात आहे हे लक्षात घ्या. आणि त्याच्या लगेच पुढे ऋणमुक्तीचे सुख आहे हेही लक्षात घ्या. २००४ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या डेक्कन ओडिसी या गाडीचे सात रात्रींचे भाडे माणशी काही लाख रुपयांत जाते. तिच्यातून पाहुणे वेरूळ-अजिंठा पाहायला जातात. उद्या आपल्यातला एखादा डॉक्टर, एखादी उद्योजक भगिनी घामाच्या पैशाने तिच्यातून गेली, तर मी टाळ्या वाजवीन. १९३४ साली ज्या वाटेवर आपल्या माणसांना पाण्यासाठी अडविले गेले, त्या वाटेवरून आपल्यातले कोणी मानाने जावे, यात वाईट काय आहे? मात्र तिने परत येऊन भाडे किती पडले ते सांगावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

याहून गंभीर आक्षेप असा, की किंमत सांगणे म्हणजेच बढाई मारणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. "एका रात्रीला पस्तीस हजार मोजले!" असे छाती फुगवून सांगणारी माणसे आपण पाहिली आहेत. तेथे आकडा सांगितला जातो, पण तो दुसऱ्याला मोजता यावे म्हणून नव्हे, तर दुसऱ्याने लहान व्हावे म्हणून. मग सांगणे आणि मिरविणे यांतला फरक कसा ओळखावा? मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात वाणीची कसोटी दिलेली आहे. बोलणे सत्य असावे, हितकर असावे, आणि तेही योग्य वेळ पाहून बोलावे. नुसते सत्य असून भागत नाही. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याच्यापुढे हॉटेलचे बिल वाचून दाखविणे सत्य असेल, पण ते ना हितकर, ना कालोचित. उलट, जो जाऊ इच्छितो, जो विचारतो आहे, त्याला "फार नाही" म्हणणे हे सौम्य वाटले तरी सत्य नव्हे, आणि हितकर तर नव्हेच. मिरविणारा एकच मोठा आकडा सांगतो. हिशेब देणारा सगळे आकडे सांगतो, त्यात गैरसोयीचेही येतात.

गैरसोयीचे आकडे कोणते? पैसा कोठून आला, हा पहिला. पगारातून साठविला, की मुलाने दिला, की कंपनीने पाठविले, की कर्ज काढले? कंपनीच्या खर्चाने जाऊन आलेल्याने ते सांगितले नाही, तर तेवढ्याच पगाराचा शेजारी स्वतःला नालायक समजू लागतो. साठवायला किती वर्षे लागली, हा दुसरा. त्यासाठी घरात काय टाळले, हा तिसरा. आणि इतके मोजून ते सुख तेवढ्या मोलाचे होते काय, हा चौथा. "अमुक ठिकाणी पैसे वाया गेले, तुम्ही तेथे जाऊ नका," हे वाक्य शंभर छायाचित्रांपेक्षा मोलाचे आहे.

आमच्या वर्गात मी मुलांना सुट्टीतील प्रवासावर निबंध लिहायला सांगतो, तेव्हा शेवटी खर्चाचा तक्ता जोडायला लावतो. २०२३ साली एस.टी.ने महिलांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. त्यानंतर एका मुलीने लिहिले की आईचे अर्धे तिकीट वाचले आणि त्या पैशात धाकट्या भावालाही लेणी पाहायला नेता आले. वर्गातल्या दुसऱ्या मुलाने लगेच वहीत आपल्या घराचा हिशेब मांडला. त्याच्या चेहऱ्यावर हेवा नव्हता. तो बेरीज करीत होता. किंमत उघड असली की हेव्याची जागा बेरीज घेते, असे मला वाटते.

व्यग्घपज्ज सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला तराजू धरणाऱ्याची उपमा दिली आहे. पारडे किती झुकले हे जसे त्याला कळते, तसे गृहस्थाने आपली आवक आणि आपला खर्च जाणून जगावे. पण बंधू-भगिनींनो, ज्याला वजनच कोणी सांगत नाही, त्याने तराजू धरून काय करावे?

म्हणून माझी विनंती आहे. अवश्य प्रवास करा. ऐपत असेल तर उत्तम गाडीने जा, उत्तम खोलीत राहा. परत आल्यावर विहारात, वस्तीत, नात्यागोत्यात त्याचे वर्णन आनंदाने करा. आणि कोणी विचारले, "किती लागले?" तर त्याला जवळ बसवून घ्या, कागद काढा आणि पहिल्या तिकिटापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत सारे लिहून द्या. तो जाईल किंवा जाणार नाही. ते तो ठरवील. पण ठरविताना त्याच्या हातात पुरता हिशेब असेल.