हाफ क्लच

खुर्चीवरच बसा. गाडी नंतर. पाठ टेकलेली असेल तर जराशी सुटी करा, दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकू द्या. डावा हात पुढे आणा, काहीतरी धरल्यासारखी मूठ अर्धी मिटा आणि तशीच राहू द्या. उजव्या हातात मासिक असणार, असू द्या. आज आपलं बहुतेक काम डाव्या हाताशी आहे.

आता डोळ्यांसमोर एक मैदान आणा. मी आणते ते साताऱ्यातल्या एका शाळेचं. सकाळचे सहा, दवानं खाली बसलेली धूळ, मागे अजिंक्यतारा, आणि मधोमध भाच्याची जुनी स्प्लेंडर. इंजिन 97.2 सीसी, वजन 110 किलोच्या आसपास. दूध घालणाऱ्यांची, मास्तरांची, वसुलीला फिरणाऱ्यांची गाडी. मोठ्या गाड्या उडवणारी पोरं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण जिनं वयाच्या 43 वर्षांपर्यंत बिनगिअरच्या स्कूटरपलीकडे काही हाती धरलं नाही, तिला 110 किलो कमी वाटत नाहीत. (घरी वडिलांची चेतक होती. तिच्यावर पुढे उभी राहून मी गावभर फिरले, त्यांच्या डाव्या मुठीत गिअर फिरताना रोज बघितले. चेतक शिकला मात्र भाऊ.)

तुमचं मैदान तुम्ही निवडा. मोकळं हवं, बघे नकोत.

गाडीवर बसा. किल्ली अजून भाच्याच्या खिशात आहे. “मावशी, आधी नुसती उभी धर,” तो म्हणाला होता, आणि मला वाटलं, यात शिकायचं काय? साइड स्टँड वर करा. गाडी हळूच डावीकडे झुकू द्या. थोडं झुकेपर्यंत ती गरीब असते. मग एकाएकी तिचं सगळं वजन मांडीवर येतं आणि पोटरी ताठते. तिथून परत आणा. उजवीकडे तेच. परत. आता मधली जागा शोधा, जिथं तिला वजनच नसतं, दोन बोटं लावली तरी पुरतात. तिथं थांबा. पाच-सहा श्वास जाऊ द्या.

नीट लक्ष दिलंत तर कळेल, तिथंही गाडी थांबलेली नाही. तुमचे गुडघे तिला केसभर इकडे, केसभर तिकडे सारताहेत. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

किल्ली लावा. हिरवा दिवा, म्हणजे न्यूट्रल. किक मारा.

उभ्या गाडीत हे इंजिन मिनिटाला साधारण 1400 फेरे घेतं. चार स्ट्रोकचं असल्यामुळे दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं. एक संथ श्वास घ्या, पाच सेकंदांचा. तेवढ्या वेळात तुमच्या दोन गुडघ्यांच्या मधे, टाकीखाली, साठएक वेळा जाळ होऊन विझला. आणखी एक श्वास. मोजू नका, नुसतं ऐका. हा आवाज ओळखीचा होऊ द्या, कारण पुढे त्याच्यातला फरक ऐकायचा आहे.

आता डावा हात. चारही बोटांनी क्लच पूर्ण आत ओढा. पायानं पहिला गिअर टाका. या गाडीत चारही गिअर पुढे दाबून पडतात, कमी करायचे ते टाचेनं. खट्ट. एवढंच. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, आणि तरी ती जागची हलत नाही. आत तेलात भिजलेल्या चकत्यांची एक चळत आहे, एकाआड एक रचलेली: एक इंजिनाबरोबर फिरणारी, पुढची चाकाकडची, पुन्हा इंजिनाची. स्प्रिंगांना त्या एकमेकींवर दाबायच्या आहेत. तुमच्या चार बोटांनी त्या सुट्या धरल्या आहेत. बोटं झटकन सोडलीत तर उभ्या गाडीचं सगळं ओझं एकदम इंजिनावर पडतं, गाडी बेडकासारखी उडी मारते आणि बंद पडते. पहिल्या सकाळी माझी सतरा वेळा पडली. भाचा मोजत होता.

पण मधे एक जागा आहे. खुर्चीवरची तुमची ती मूठ आता घट्ट मिटा आणि दहा आकड्यांत उघडायला लागा. एक. दोन. तीन, काही नाही. चार, अजून काही नाही. पाचच्या आगेमागे इंजिनाचा आवाज बदलतो. मोठा होत नाही. जाड होतो, जरा खाली बसतो, डोक्यावर हंडा घेताना माणूस बसतो तसा. हँडलला अगदी बारीक ओढ लागते. आत चकत्या एकमेकींना लागल्या आहेत आणि अजून घसरताहेत. हा हाफ क्लच.

सहा म्हणू नका. इथंच राहा.

ही जागा सापडली की नवशिक्याला इतका आनंद होतो की हात सुटतो. पुन्हा मिटा. पुन्हा एकपासून. रेस द्यायचीच नाही. मैदान सपाट असेल तर नुसत्या क्लचवर गाडी मुंगीच्या चालीनं पुढे येते आणि तुमचे दोन्ही पाय तिच्या बाजूनं जमिनीवर चालत राहतात. दोन पावलं, क्लच आत, थांबा. दोन पावलं, थांबा. असं आम्ही मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत चारदा पार केलं. (फार वेळ तसंच धरून ठेवलं तर चकत्या झिजतात. भाचा मधूनमधून जळका वास येतो का बघत होता. गाडी त्याची होती.) चौथ्या खेपेला माझ्या ध्यानात आलं की मनात “आता” म्हणेपर्यंत ती जागा मागे पडलेली असते. मी बोटांना हुकूम सोडायचे थांबवले. कान आणि बोटं आपसांत ठरवू लागली, आणि त्यानंतर गाडी बंद पडणं जवळजवळ थांबलं. तुम्हीही आकडे सोडून द्या. एकदा नुसत्या आवाजावर मूठ उघडून बघा.

मग पाय उचलायची वेळ येते.

माझी सगळी भीती वेगाची होती. घरातल्यांचीही. निघताना जो तो “सावकाश हं” म्हणायचा. पण 25-30 च्या वेगाला ही गाडी आपली आपण सरळ चालते, हँडलवर हात नुसते ठेवले तरी चालतं. पाडतो तो सावकाशपणा. शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकलची शर्यत आठवा: सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. जिंकणाऱ्या मुलाचं हँडल कधी बघितलंत? क्षणभर गप्प नसतं. सायकल डावीकडे पडायला लागली की तो हँडल डावीकडेच वळवतो, पडतोय त्याच बाजूला, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात. मग उजवीकडे. तोल त्याच्याकडे कधीच नसतो. जातो आणि येतो.

डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं, कुणालाही चालवता येणार नाही अशी सायकल बनवायचा चंग बांधला होता. 1970 मध्ये त्यानं त्यावर लेख लिहिला. चाकाच्या भिंगरीमुळे सायकल उभी राहते असं लोक म्हणत, म्हणून त्यानं पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं दुसरं चाक बसवलं, भिंगरीचा परिणाम मोडून काढायला. तरी हँडल धरून ती आरामात चालवता आली. हे वाचलं तेव्हा मला मैदानावरचे माझे गुडघे आठवले.

आता खुर्चीतच दोन्ही टाचा किंचित उचला. चवडे राहू द्या. पोट कसं सावध होतं बघा. तसंच थोडा वेळ.

आठव्या दिवशी मी पडले. वेग माणूस चालतो एवढा. उजवीकडे वळत होते, हँडल पुरतं वळलेलं, समोर कुत्रं आलं आणि घाबरून उजव्या हातानं पुढचा ब्रेक करकचून दाबला. वळलेल्या चाकावर पुढचा ब्रेक मारला की गाडी वळणाच्या बाजूला आडवी होते, इतकी हळू की आपण पडतोय हे नीट बघता येतं. कुत्रं शांतपणे निघून गेलं. इंडिकेटर तुटला, गुडघा खरचटला, टाकीतून ठिबकणाऱ्या पेट्रोलचा वास. “मावशी, आधी किल्ली बंद कर,” भाचा धावत येत ओरडला. मग त्यानं उचलायची रीत दाखवली. उजवीकडे पडली असेल तर आधीच डावं स्टँड खाली पाडून ठेवायचं, गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलला, एक मागच्या कडीला, आणि पायांनी रेटत मागे मागे चालायचं. पाठीनं ओढायचं नाही. 110 किलो उभे राहिले. मला त्याचा, खरं सांगते, चालवण्यापेक्षा जास्त अभिमान वाटला.

परवान्यावर माझ्याकडे बिनगिअरचाच प्रकार होता. गिअरच्या गाडीसाठी पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा तीस दिवस थांबणं आणि पुन्हा आरटीओच्या मैदानावर तो आठचा आकडा. पहिल्या खेपेला दुसऱ्या वळणावर माझा पाय टेकला. कारण साधं: मी पुढच्या चाकाकडे बघत होते. चाकाकडे बघितलं की गाडी तिथंच घुटमळते. दुसऱ्या खेपेला मी वळणात शिरतानाच मान वळवून आठच्या पलीकडच्या पोटाकडे बघितलं, बोटं पाचावर, मागच्या ब्रेकवर पाय अलगद, आणि गाडी बघितलं तिकडे आली. साहेबांनी मान वर केली नाही. शेरा मारला.

आपल्या मैदानावर परत या. ऊन किल्ल्यावरून उतरून निम्म्या मैदानापर्यंत आलं आहे. एक शेवटची फेरी, पहिल्या गिअरमध्ये, जमेल तितकी हळू. नजर लांब. इंजिनाचा आवाज जाड, मग हलका, मग जाड. हँडल सारखं हलतंय, हलू द्या. स्प्लेंडर उभी होती त्या जागेशी आलात की क्लच पूर्ण आत, मागचा ब्रेक, हँडल सरळ झालं की थोडा पुढचा, आणि डावा पाय खाली. टाचेनं न्यूट्रल. हिरवा दिवा लागला का बघा. किल्ली बंद.

गाडी स्टँडवर लावा आणि लगेच जाऊ नका. तापलेला सायलेन्सर निवताना टिक टिक वाजतो, आधी भरभर, मग अंतर पडत जातं. दोन टिकांमधे एक अख्खा श्वास बसेपर्यंत थांबा. डावी मूठ अजून अर्धी मिटलेली आहे.