आधी कुणाचे पैसे?

मेच्या मध्यावर वाशीच्या बाजारात पेटीचा भाव उतरला, की मालगुंड-गणपतीपुळे पट्ट्यातल्या बागांतून कॅनिंगचा आंबा निघू लागतो. तो डझनावर नव्हे, किलोवर विकला जातो. इथल्या छोट्या प्रक्रिया उद्योगाचे अख्खे वर्ष या काही आठवड्यांत ठरते. मालक बाजारपेठेच्या मागे असतो; काट्यावर उभा असतो तो व्यवस्थापक. बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागणारा तोच आणि संध्याकाळी उचल मागणाऱ्या, आंबा कापणाऱ्या बायांसमोर वही उघडणाराही तोच.

या माणसाची मूल्ये कशात पाहायची? माझ्या मते, पैसे देण्याच्या क्रमात. फळ महिनाभरात घ्यावे लागते, रसाचे डबे मात्र वर्षभर खपत राहतात. पैसा अडकलेलाच असतो. डबे पुरवणारा तगादा लावतो, बँक नोटीस धाडते, बिल थकले तर वीज तुटते. बागायतदार मात्र गावचा, ओळखीतला. 'पुढच्या आठवड्यात बघू' एवढ्यावर तो माघारी जातो. ज्याला ओरडता येत नाही, त्याचेच पैसे मागे राहतात. त्याने तरी फवारणीची औषधे उधारीवर आणलेली असतात, आणि बाग राखणारे नेपाळी गडी हंगाम संपला की हिशोब मिटवून गावी जायला निघतात. ते थांबणार नाहीत, थांबूही नयेत.

कायदा इथे अर्धीच वाट सोबत करतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. 2023 मध्ये प्राप्तिकर कायद्यात 43बी(एच) हे कलम येऊन मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला करातही झळ बसू लागली. बड्या खरेदीदाराकडे ही तरतूद दाखवून आपले पैसे मागणे हा व्यवस्थापकाचा हक्कच आहे. पण त्याला आंबा घालणारा शेतकरी उद्योग म्हणून नोंदलेला नसतो. त्याच्यासाठी ना 45 दिवस, ना व्याज. जिथे कायदा संपतो, तिथे व्यवस्थापकाची खरी नोकरी सुरू होते.

मालाचा दर्जाही पैसे कसे दिले जातात, याच्याशी बांधलेला आहे. हापूस बाहेरून निर्दोष दिसतो. कापल्यावर कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा साका निघतो. तो काढला की रस कमी भरतो. कापणाऱ्या बाईला रसाच्या किलोमागे मजुरी लावली, तर प्रामाणिकपणाचा दंड तिच्याच पदरात पडतो. रोजंदारी दिली तर ती निर्धास्तपणे सुरी चालवते. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण परजिल्ह्यातला स्वस्त आंबा रत्नागिरीच्या नावावर डब्यात जाऊ नये, हे अखेर मानांकनाच्या कागदावर नव्हे, काट्यावरच्या माणसावर ठरते. आणि पैशाच्या ओढाताणीत त्याला मोह होतो तो याच ठिकाणी.

म्हणून मालकांना कळकळीची विनंती: व्यवस्थापकाला नुसते विक्रीचे आकडे विचारू नका. पावसाआधी बागायतदार आणि बाया यांची देणी भागतील एवढी रक्कम हंगामाच्या सुरुवातीलाच वेगळी काढून त्याच्या हाती द्या. आणि ती दुसरीकडे वळवायला त्याला कधीही सांगू नका.