सांडलेलं धान्य

लातूरच्या अडत बाजारात अण्णांनी त्या दिवशी पेढे वाटले. लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी २७! तीन वर्षांपूर्वी हाच आकडा ७८ होता.

"चाळिशीच्या आत लागतो म्हणे. आपण तिशीच्याही आत," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते. शेजारच्या गाळ्यातल्या दिनकररावांचं तोंड मात्र उतरलेलं. त्यांचा आकडा ६४, ठळक ठशात, पुढे चांदणी छापलेली. अण्णांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि वर उपदेशही केला, "माझ्यासारखं राहावं माणसानं. गळ्यात माळ आहे, दारूचा थेंब नाही."

ते खरंच होतं. पण वीस वर्षांचा मधुमेह होता आणि गादीवर बसून बसून पोट सुटलेलं होतं. लिव्हरवर चरबी चढायला दारूच लागते असं थोडंच आहे!

दुपारी दोघं एकाच रिक्षाने दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई याच बाजारातल्या हमालाची लेक. शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन गोदामात यायची, ते अण्णांना आठवत होतं. तिने दोघांचेही सगळे कागद मागितले. अण्णांचा लिव्हरचा कागद तिने वाचून बाजूला ठेवला आणि खालचा सीबीसीचा ओढला. प्लेटलेट १ लाख १८ हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. पुढे 'लो' छापलेलं होतं, पण मागच्या पावसाळ्यातल्या तापाचा अशक्तपणा समजून अण्णांनी ते सोडून दिलं होतं.

"वय?"

"अठ्ठावन्न."

वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट, असे चार आकडे तिने मोबाइलमध्ये भरले. "याला फिब-फोर म्हणतात. १.३ च्या खाली असलं तर सहसा काळजी नाही. २.६७ च्या वर गेलं तर लिव्हरमध्ये व्रण साचल्याची दाट शंका. दिनकरकाका, तुमचं ०.९. अण्णा, तुमचं ३.६."

"अगं, पण २७ नॉर्मल आहे ना?"

"अण्णा, गोदाम झाडताना सांडलेलं धान्य रोजच्यापेक्षा निम्मंच निघालं, तर काय समजाल?"

"पोती नीट शिवलीत."

"किंवा?"

अण्णांचा सगळा जन्म पोती मोजण्यात गेलेला. उत्तर त्यांना लगेच सुचलं, पण ओठांवर यायला वेळ लागला. "पोतीच कमी झालीत."

"एसजीपीटी असतं पेशीच्या आत. पेशीला इजा झाली की ते रक्तात सांडतं, आणि आपण मोजतो ते हे सांडलेलं. शाबूत किती उरलंय, ते त्यात दिसत नाही. लिव्हर व्रणांनी कडक झालं की रक्त मागे तुंबतं, प्लीहा फुगते, प्लेटलेट तिथे अडकून पडतात. म्हणून मी आधी तो कागद बघितला. आकडा चांगला होऊन उतरला की वाईट होऊन, ते एकट्या आकड्यावरून नाही सांगता येत."

दिनकररावांना हायसं वाटलं. अण्णांकडे बघून त्यांना त्याची लाजही वाटली असावी, कारण ते उगाच टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

"काका, तुमचं वजन मात्र उतरवायचं. आणि सध्या औषध काय घेता?"

"औषध नाही. गुळवेलीचा काढा, महिनाभर."

बाईंचं पेन थांबलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते, ते तिच्या वाचनात होतं.

"कुणी सांगितला?"

दिनकरराव गप्प राहिले. अण्णा म्हणाले, "मीच देतो बाटली भरून. मीही घेतो, तीन वर्षं झाली."

"आजपासून दोघांचाही बंद. काका, सहा आठवड्यांनी तुमचं रक्त परत बघू. कदाचित ती चांदणी काढ्याचीच असेल. अण्णा, तुमची उद्या सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन. उपाशीपोटी या, आणि येताना काकूंना आणा. आहाराचं मला त्यांच्याशीच बोलायचंय."