भार किती आणि केव्हा?

बिघडलेली वस्तू दुरुस्त होऊन आली की तिच्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकावा, की काही दिवस ती जपून वापरावी? हा प्रश्न वस्तूंपुरताच असता तर तो कारागिरावर सोपवून आपण मोकळे झालो असतो. पण माणसांच्या बाबतीतही तो उभा राहतो. दारू सोडलेला, दीर्घ आजारातून उठलेला, किंवा एकदा विश्वासाला तडा देऊन पश्चात्तापाने परतलेला मनुष्य आपल्या घरात किंवा मंडळीत येतो, तेव्हा त्याच्याशी कसे वागावे हे आपल्याला सुचत नाही. कोणी म्हणतो, क्षमा केली ना, मग सारे पूर्वीप्रमाणे चालू द्या. दुसरा म्हणतो, दुधाने तोंड पोळले आहे, आता ताकही फुंकून प्यायचे. या दोघांचा वाद ऐकताना जुन्या मोटारगाडीच्या इंजिनाची आठवण ठेवली तर बरेच शिकता येते.

आपल्याकडची ॲम्बेसिडर सर्वांच्या परिचयाची आहे. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घडविलेली ही गाडी १९५७ साली निघाली व २०१४ पर्यंत तयार होत राहिली. १९६० च्या दशकातील ॲम्बेसिडर आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते, कारण २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली व मूळ स्वरूपात राखलेली गाडी या वर्गात बसते. अशा गाडीचे १४८९ सी.सी. चे, चार सिलिंडरांचे इंजिन वर्षानुवर्षांच्या वापराने झिजते, ऑईल खाऊ लागते व धूर सोडते. मग मिस्त्री ते खाली उतरवून पूर्ण खोलतो, सिलिंडर बोअर करून घेतो, थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन व नव्या रिंगा घालतो, बेअरिंगे बदलतो आणि इंजिन पुन्हा बांधतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बोअर झालेला सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत ठेवीत नाहीत. होनिंगच्या दगडांनी त्याच्या आतल्या अंगावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम काढतात. त्या रेघांत तेल टिकते, आणि त्यांच्या सूक्ष्म कंगोऱ्यांवर घासून रिंग आपला आकार धरते. म्हणजे उत्तम कारागिराने, अचूक मापात बांधलेले इंजिनही बांधून झाले त्या क्षणी अपुरेच असते. शेवटचे काम गॅरेजात होत नाही, रस्त्यावर होते. याला मिस्त्री ‘रनिंग-इन’ म्हणतात.

या काळात इंजिनावर एकदम पूर्ण भार टाकला, घाटात दामटले किंवा सपाटीवर मैलोगणती भरधाव पळविले, तर न जुळलेले भाग जेथे टेकतात तेथे अतोनात तापतात. रिंग व सिलिंडर यांवर ओरखडे उठतात, आणि पिस्टन जाम झाला तर सारा खर्च वाया जातो. हे बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून ‘सांभाळून चालवा’ हा सल्ला सगळेच देतात.

पण सांभाळण्याचाही अतिरेक होतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. रिंग सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट दाबली जाते ती मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. तो वायू रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर लोटतो. भार नसेल तर हा दाब पुरेसा नसतो. इंजिन नुसते उभ्या उभ्या चालू ठेवले किंवा मालकाने भीतीपोटी आठवडेच्या आठवडे मुंगीच्या पावलाने चालविले, तर रिंग भिंतीशी जुळतच नाही. भिंतीवर जळलेल्या तेलाचा चकचकीत थर चढतो, त्या उपयोगी रेघा बुजतात, आणि इंजिन जन्मभर ऑईल खात राहते. मग ते खोलून पुन्हा होनिंग करावे लागते. या जुन्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट व टॅपेट घातले असतील, तर पहिल्यांदा सुरू होताच सुमारे २० मिनिटे मिनिटाला २००० च्या आसपास फेऱ्यांवर ते चालवावे लागते, कारण मंद फेऱ्यांत कॅमवर पुरेसे तेल उडत नाही. जे आपल्याला जपणे वाटते ते येथे नासणे ठरते.

जाणता चालक मधला मार्ग धरतो. तो इंजिन गरम होऊ देतो, वेग सतत बदलता ठेवतो, मध्यम भार देऊन वेग वाढवितो आणि मग ॲक्सिलरेटर सोडून देतो. सोडल्याबरोबर सिलिंडरात ओढ निर्माण होते, तेल वर येते व तापलेला भाग थंडावतो. भार आणि विसावा अशा पाळ्या चालतात. पहिले ऑईल तो लवकर, काहीशे किलोमीटरांतच काढून टाकतो. त्यात धातूचा बारीक चकाकता कीस दिसतो. अनाडी माणूस तो पाहून घाबरतो, पण पहिल्या ऑईलातील हा बारीक कीस भाग जुळत असल्याची खूण आहे. मात्र तो आतच फिरत ठेवणे बरे नव्हे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. क्षमा आणि विश्वास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्षमा एका क्षणात करता येते, पण विश्वास जुळायला अंतर कापावे लागते. ज्याने संस्थेचे पैसे खर्चून टाकले होते त्याच्या हाती परतल्या दिवशीच तिजोरीची किल्ली देणे हे औदार्य दिसते, पण त्यात त्याचे हित नाही. तो भार त्याला पेलण्याआधीच मोडून टाकील. उलट ‘तुम्ही फक्त बसून राहा’ असे सांगून त्याला काहीच न देणे, हेही तितकेच घातक आहे. शब्बाथ शाळेचा शिक्षक वर्षभराच्या आजारानंतर आला, आणि प्रेमापोटी आपण त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसविले, तर त्याच्या मनावर निरुपयोगीपणाचा थर चढतो. त्याला दहा मिनिटांचा धडा द्यावा, पुढच्या वेळी अर्ध्या तासाचा. आणि सुरुवातीला त्याच्या हातून काही चुकले, शब्द अडखळले, तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. तो पहिल्या ऑईलातला कीस आहे. तो बाहेर काढावा आणि विसरावा.

येथे कोणी विचारील, इंजिनाला मन नसते. आपली परीक्षा चालली आहे हे त्याला कळत नाही. माणसाला कळते आणि झोंबते, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे व तो डावलता येणार नाही. यासाठी इंग्लंडातील एक जुनी रीत सांगण्यासारखी आहे. तेथे नव्या किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी पाटी लावीत. गाडी सरावात आहे, आपण पुढे व्हा, एवढाच त्याचा अर्थ. त्या पाटीत लाज नव्हती आणि लपवाछपवीही नव्हती. शिवाय ती कायमची नसे. ठरलेले मैल झाले की काढून टाकीत.

माणसाच्या बाबतीत संशय आणि धीर यांतला भेद हाच आहे. संशयी मनुष्य गुपचूप नजर ठेवतो आणि मुदत सांगत नाही. धीर धरणारा समोर बसून सांगतो, ‘सहा महिने हिशेब आपण दोघे मिळून पाहू, मग तुम्ही एकट्याने पाहा.’ मर्यादा उघड असली आणि तिला शेवट असला की ती अपमान राहत नाही. सहा महिने भरल्यावर मात्र शब्द पाळला पाहिजे. जी परीक्षा कधीच संपत नाही ती शिक्षा होय.

आणखी एक गोष्ट आपण सहसा विसरतो. रनिंग-इनमध्ये एकटी रिंग झिजत नाही. सिलिंडरही अणुरेणूएवढा झिजतो, तेव्हाच दोघांची जोडी जमते. परतलेल्या माणसानेच बदलावे आणि घराने जसेच्या तसे राहावे, अशी आपली अपेक्षा असते. दारू सोडलेल्या मुलाच्या घरात सणाला बाटली येतच राहिली, किंवा जेवताना जुने उणेदुणे निघतच राहिले, तर दोष एकट्या मुलाचा कसा? त्याला सामावून घेताना आपल्यालाही थोडे घासून घ्यावे लागते.

वाचकहो, असा कोणी आपल्या ओळखीत असेल, तर या आठवड्यात त्याला एक काम द्यावे. ते इतके जड नसावे की तो मोडेल, आणि इतके हलके नसावे की आपण त्याला मोडकेच समजतो असे त्याला वाटेल. त्या कामाची मुदत त्याला आधीच सांगावी, आणि ती संपली म्हणजे पुढचे काम तयार ठेवावे.