अजाण दयेचे पाप कोणाच्या खाती?

गेल्या वैशाखात एका गावी सप्ताहात मी जटायूचे आख्यान लावले होते. पंख तुटलेला तो पक्षिराज रामरायाच्या मांडीवर प्राण सोडतो, त्या ठिकाणी ज्याचे डोळे पाणावले नाहीत असा श्रोता मला चाळीस वर्षांत भेटलेला नाही. पण त्या दिवशी पुढे बसलेल्या एका पोराने मध्येच विचारले, "बुवा, गिधाड म्हणजे घार का?" मी उत्तर देणार तोच मागून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "ह्यांनी कुठं बघितलंय, बुवा! आमच्या शिवारात दिसून पंचवीस वर्षं झाली."

कीर्तनानंतर तोच बुक्का लावून घ्यायला आला आणि हळूच म्हणाला, "महाराज, माझा बैल म्हातारपणी उठेना. कळवळून सुई टोचवली. दुसऱ्या दिवशी गेला बिचारा. आता म्हणतात, त्या सुईनंच गिधाडं मेली. मग हे पाप कुणाच्या खाती?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता, आणि उत्तर माझ्याजवळ तयारही नव्हते.

त्याचे म्हणणे खरे आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध मूळ माणसांचे. १९९० नंतरच्या दशकात ते स्वस्त होऊन गोठ्यापर्यंत पोचले. ताप, सूज यांवर गुणही येई. पण सुई दिल्यावर एकदोन दिवसांत जनावर दगावले, तर औषध त्याच्या मांसात राहते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते, आतल्या अवयवांवर पांढरा क्षार साचतो आणि पक्षी थोड्याच दिवसांत मान टाकतो. भरतपूरला गिधाडे कमी होत आहेत हे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी पाहिले. पाकिस्तानातील पंजाबात शोध घेऊन लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कारण पक्के केले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांतली एक उरली! त्याकरिता शंभर मेलेल्या ढोरांत एकाच्या अंगात विष असणेही फार झाले. कारण एका ढोरावर सारा थवा उतरतो, आणि मादी वर्षाकाठी अंडे घालते ते एकच. पुढे ती ढोरे कुत्र्यांच्या वाट्याला गेली. २००० ते २००५ या काळात गिधाडे नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडला आहे.

आता यात दुष्ट कोण? औषध करणारा? सुई टोचणारा? बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडणारा? सगळ्यांच्या मनात दयाच होती. भूतदया हे आपल्या संप्रदायाचे ब्रीद. तिच्याच हातून हे घडावे?

आमचे एक कीर्तनकार स्नेही म्हणाले, "हेतू शुद्ध, मग दोष कसला? गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितलेच आहे की, अहंभाव नसलेला मारूनही मारीत नाही." मी म्हटले, अहो, तो श्लोक ज्याचा अहंकार जळून गेला त्याच्याकरिता आहे, बाटलीवरचे नाव वाचायचा कंटाळा करणाऱ्याकरिता नव्हे.

मला आदिपर्वातील मांडव्य ऋषी आठवतात. निरपराध असून सुळावर चढवले गेले. धर्मराजाला जाब विचारला, तर तो म्हणे, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचलीस. मांडव्य संतापले. अजाण पोराला एवढी शिक्षा? त्यांनी मर्यादा घातली की चौदा वर्षांच्या आतले कर्म पाप धरू नये, आणि खुद्द धर्माला शाप दिला. तोच पुढे विदुर झाला. या कथेचे दोन्ही काठ धरावे लागतात. अजाणाला दंड देणे हा अन्याय, हे एक. आणि अजाणपणालाही वय असते, हे दुसरे.

आपले ते चौदावे वर्ष २००४ साली सरले. २००६ साली जनावरांकरिता या औषधावर बंदी आली; गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅमही त्याच वर्षी सिद्ध झाले. तरी माणसांकरिता विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या तीन मिलिलिटरच्या करणे भाग पडले. असिक्लोफेनॅक तर गाईच्या पोटात जाऊन डायक्लोफेनॅकच होते. त्यावर आणि कीटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडले. इतकी वर्षे ज्यांना ठाऊक होते त्यांनी, ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्या कानी घातले का? मी स्वतः दरवर्षी जटायू सांगत होतो. एका शब्दानेही हे बोललो नाही.

आणखी एक बोलून टाकतो. घरावर गिधाड बसले तर शांत करावी, असे आम्ही शास्त्री मंडळींनीच लोकांना सांगितले. मेलेले ढोर ओढून नेणाऱ्या माणसांना गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि त्या ढोराचे शिवार स्वच्छ करणाऱ्या पक्ष्याला अशुभ ठरवले. चोखोबांचे नाव घेणाऱ्यांना हे कसे पचले, कोण जाणे.

असो. म्हाताऱ्याला मी सांगितले, "तुमच्या त्या बैलाचे पाप तुमच्या खाती नाही. पण घरात दुसरा आहे ना?" तो म्हणाला, "आहे की, खोंड आहे." मग मृदंग वाजवणाऱ्या पोराकडून बुक्क्याच्या पुडीवर मेलॉक्सिकॅम हे नाव ठळक अक्षरांत लिहून घेतले. म्हाताऱ्याने ते दोनदा वाचून घेतले आणि पुडी टोपीत खोवली.