चतुर्दशीची यात्रा आणि वैशाखी पौर्णिमा



इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला, नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर वसले आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला तेथे नृसिंह जयंतीचा उत्सव होतो. दुसऱ्याच दिवशी वैशाखी पौर्णिमा, म्हणजे तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण यांचा मंगल दिन. अंतर एका रात्रीचे. पण नवदीक्षित कुटुंबाला ही रात्र जड जाते. आजी म्हणते, "वाडवडलांपासून पाया पडत आलो, एवढी यात्रा करू द्या." नातू म्हणतो, "त्या दगडांकडे बघायचंसुद्धा नाही." सुनेला दोघांचेही मन राखायचे असते. अशा वेळी धम्म काय सांगतो?

धम्म सांगतो, आधी नीट पाहा. पेशवाईतील सरदार विंचूरकर यांचे नाव या मंदिराशी जोडलेले आहे. पण चिरे घडविले पाथरवटांनी, रचले गवंड्यांनी आणि वाहिले मजुरांनी. त्यांची नावे कोणी सांगत नाही. त्या कष्टाळू हातांचा आदर करा. घाट पाहा, मुलांना दाखवा. कलेचा द्वेष करणे हे बौद्धाचे लक्षण नव्हे.

परंतु पाहणे वेगळे आणि पूजणे वेगळे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोधिसत्त्व बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आठवा. अवतारावर आपला विश्वास नाही आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हे आपण प्रतिज्ञेने मान्य केले आहे. ज्या दशावतारांच्या यादीत नृसिंह चौथा, त्याच यादीत बुद्धाला नववा करून बसविले आहे. म्हणून चतुर्दशीला हात जोडून पौर्णिमेला विहारात येणे म्हणजे दोन दिवसांत दोन धर्म पाळणे नव्हे. पहिल्याच दिवशी दुसरा दिवस गमावणे होय.

आणि संगमावरचे स्नान? अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणाऱ्या पुण्णिका दासीची कथा आजीला सांगा. कडाक्याच्या थंडीत पाप धुण्यासाठी नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला तिने विचारले, की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गाला जातील ना? तो निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. पाणी भरणाऱ्या बाईने पाण्याचे खरे मोल सांगितले. आजीशी भांडू नका. तिला ही कथा सांगा. ओरडून काढलेला देव्हारा मनात तसाच राहतो, समजून काढलेला परत येत नाही.

आता नातवाला सांगायचे ते ऐका. संगमावरचे पाणी येते कोठून? कार्ले आणि भाजे लेण्यांच्या पायथ्याची इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. जुन्नरच्या लेण्यांकडची कुकडी घोड नदीतून भीमेतच येते. हीच भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाजवळून वाहते. म्हणजे आपला वारसा नरसिंहपूरच्या दारातून रोज वाहतो आहे!

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कार्ले चैत्यात दाने देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत धेनुकाकटचा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सामी नावाचा सुतार आहे. सुताराचेही नाव दगडात राहिले! पण लिपी विसरली, संघ उरला नाही आणि लोक बौद्ध लेण्यांना पांडवांची लेणी म्हणू लागले. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा हे दगड पुन्हा बोलू लागले.

कोणी विचारील, "सर्व अनित्य आहे, मग जपायचे कशाला?" बंधूंनो, दगड अनित्यच आहे. पण लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशिनारा ही स्थळे श्रद्धावंताने पाहावीत, असे तथागतांनीच सांगितले. दगड तारतो म्हणून नव्हे, तर पाहणाऱ्याचे मन जागे होते म्हणून. जे आपण जपत नाही, त्याला दुसरे कोणी नाव देते.

आणि दोष नेहमी परक्यांचाच नसतो. दादरचे आंबेडकर भवन, जेथे बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना होता, जून २०१६ मध्ये रातोरात पाडले गेले. सकाळी समाज रडला. आधीच जागा असता तर?

म्हणून या वैशाखात प्रत्येक कुटुंबाने चार गोष्टी कराव्यात. चतुर्दशीच्या संध्याकाळी विहार झाडून सारवून घ्यावा. वर्षातून एकदा मुलांना कार्ले, भाजे किंवा जुन्नरला न्यावे. भिंतीवर आपले नाव कोरू नये, तेल-गुलाल लावू नये. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसविली त्या देहूरोडच्या विहारात जावे. तो आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि आजीजवळ वही घेऊन बसावे. जात्यावर गायिलेल्या भीमाच्या ओव्या, दीक्षेच्या दिवसाची आठवण, पेटीतली जुनी कागदपत्रे यांची नोंद करावी.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आजीचे नाव लिहा. घाटाच्या चिऱ्यांवर आपल्या पूर्वजांची नावे कोणी कोरली नाहीत. ही वही आपल्या हातात आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!