शेजारचें लेंकरूं

वाचनभाग : जखऱ्या 8:4, 5

बाबेलच्या बंदिवासांतून परतलेल्या लोकांस जखऱ्या संदेष्ट्यानें सुमारें ख्रि. पू. 518 सालीं देवाचें अभिवचन कळविलें. या वचनांत यरुशलेमेच्या कल्याणाची खूण म्हणून सोनेंरुपें सांगितलें नाहीं; काठी टेकणारे वृद्ध आणि रस्त्यांत खेळणारे मुलगे-मुली सांगितले.

वैशाखांत सुटी लागली म्हणजे आपली आळीही अशीच भरून जाते. विटीदांडूवरून मुलें भांडतात आणि घटकेंत पुन्हां एक होतात. आयांचा अबोला मात्र मृगापर्यंत टिकतो.

हा अबोला जिवावर बेततो. उन्हाळ्यांत जुलाब-वांत्यांनीं लेंकराच्या अंगांतील पाणी झपाट्यानें जातें. तेव्हां उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावें, अंगावरचें दूध बंद करूं नये, आणि मूल मलूल दिसतांच दवाखाना गांठावा. आई शेतांत असतां हें कोण करील? जिच्याशीं आपण बोलत नाहीं, तीच शेजारीण.

लहानग्यास दिलेला गार पाण्याचा एक प्यालाही प्रभु विसरत नाहीं (मत्तय 10:42). तर बंधुभगिनींनो, आजच सूर्य मावळण्यापूर्वीं त्या दारीं जा आणि समेट करा.